फंडिंगची बातमी आणि फंडाचे घड्याळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर एक ठरावीक बातमी वारंवार येते. अमुक स्टार्टअपने इतके कोटी उभारले, कंपनीचे मूल्यांकन तितके कोटी झाले, आणि सोबत दोन-तीन तरुणांचा हसरा फोटो. नातेवाईक ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरवतात, घरी पेढे येतात, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की या मुलांनी इतके कोटी कमावले. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांनी कंपनीचा एक हिस्सा विकलेला असतो, तोही पंधरा-वीस अटींसह. त्या अटी कुठून येतात हे पैसे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे मन कसे चालते ते कळल्याशिवाय उमगत नाही. दोघेही हुशार, दोघेही बहुतेक वेळा प्रामाणिक. तरीही एकाच टेबलावर बसून ते दोन वेगळी गणिते मांडत असतात. वाचकांसमोर, विशेषतः ज्यांची मुले या वाटेवर आहेत त्या आई-वडिलांसमोर, ही गणिते यावीत म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे नव्या, जोखमीच्या कंपन्यांत हिस्सा घेणारा फंड चालवणारा, जो पैसा देतो तो त्याचा नसतो. विमा कंपन्या, पेन्शन निधी, श्रीमंत कुटुंबे, मोठे उद्योगसमूह आणि काही प्रमाणात सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत सरकार असा अनेकांचा पैसा तो सांभाळत असतो. आपल्याकडे हे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदवले जातात. साधारणपणे एका गुंतवणूकदाराचे किमान १ कोटी, फंड किमान २० कोटींचा, आणि चालवणाऱ्याचा स्वतःचा वाटा एकूण निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी, यांत जो कमी असेल तो. फंडाचे आयुष्य बहुधा दहा वर्षांचे ठरते. पहिली चार-पाच वर्षे पैसे लावायचे, उरलेली वर्षे ते वसूल करायचे. मुदत वाढवायची तर गुंतवणुकीच्या मूल्याने दोन-तृतीयांश भरतील इतक्या गुंतवणूकदारांची संमती लागते, आणि वाढही दोन वर्षांपर्यंतच. चालवणाऱ्याला वर्षाला साधारण २ टक्के व्यवस्थापन शुल्क मिळते आणि ठरलेल्या किमान परताव्यानंतरच्या नफ्यात साधारण २० टक्के वाटा. या वाट्याला त्या धंद्यात ‘कॅरी’ म्हणतात.

आता ५०० कोटींचा एक फंड धरू. शुल्क आणि इतर खर्चात दहा वर्षांत १०० कोटींच्या आसपास जातात. लावायला उरले ४०० कोटी. ज्यांनी पैसे दिले त्यांची अपेक्षा काय? बँकेतली मुदत ठेव ७ टक्क्यांनी दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. इथे पैसा अडकून पडतो आणि बुडण्याची जोखीमही मोठी, म्हणून दिलेल्या ५०० कोटींचे किमान तिप्पट हवे. म्हणजे ४०० कोटी लावून १,५०० कोटी उभे करायचे. समजा २५ कंपन्यांत सरासरी १६ कोटी लावले. निम्म्याहून जास्त कंपन्या घातलेले पैसेही परत देत नाहीत हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. तेरा कंपन्यांतून मिळून ५० कोटी आले, नऊ कंपन्यांनी दुप्पट म्हणजे जेमतेम ३०० कोटी दिले, असे धरले तर राहिलेल्या तीन कंपन्यांनी ११५० कोटी आणले पाहिजेत. एकेकीने सुमारे ३८०. पैसे उभारण्याच्या पुढच्या फेऱ्यांत नवे शेअर निघून हिस्सा पातळ होत होत विक्रीच्या वेळी फंडाकडे १३ टक्के उरले असतील, तर त्या प्रत्येक कंपनीची किंमत तेव्हा जवळपास ३,००० कोटी असायला हवी.

गुंतवणूकदाराचे सारे मानसशास्त्र या एका आकड्यात आहे. समोर आलेल्या प्रत्येक कंपनीला तो मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो: ही ३,००० कोटींची होऊ शकते का? ही बुडेल का, हा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम आहे, कारण बुडली तर जास्तीत जास्त १६ कोटी जातात, आणि हातची निसटली तर किती गेले याला वरची मर्यादाच नाही. म्हणून हे लोक बुडालेल्या कंपन्यांपेक्षा नाकारलेल्या कंपन्या जास्त काळ लक्षात ठेवतात. आणि म्हणूनच वर्षाला ३ कोटी निव्वळ नफा कमावणारी, कर्ज नसलेली, वेळेवर पगार करणारी सांगलीची एखादी चांगली कंपनी त्यांच्या दारातून रिकाम्या हाती परत येते. ती ६० कोटींना विकली गेली आणि फंडाचा हिस्सा १५ टक्के असला तर फंडाला ९ कोटी मिळतील. हे त्या फंडाच्या एका वर्षाच्या शुल्कापेक्षाही कमी. नकार आला की संस्थापकाला वाटते आपल्या धंद्यात खोट आहे. धंदा चांगलाच असतो, फक्त या जातीच्या पैशाला तो पुरत नाही. हा फरक न कळल्यामुळे चालता धंदा मोडून ‘मोठी कल्पना’ शोधायला निघालेली मुले आहेत, आणि त्याचे आम्हाला खरेच वाईट वाटते.

एका यशावर सगळी मदार ठेवण्याची ही रीत आजची नाही. १९४६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज डोरियो यांच्या पुढाकाराने निघालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कंपनीने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. त्या संस्थेच्या बाकी गुंतवणुकी एकत्र केल्या तरी या एकीपुढे फिक्या पडतात.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला या. संस्थापकाकडे २५ कंपन्या नाहीत, एकच आहे. त्याची पुंजी, तारुण्यातली आठ-दहा वर्षे, घरच्यांचा विश्वास, कधी वडिलांच्या फ्लॅटचे तारण, सगळे त्या एकाच टोपलीत. पहिला चेक मिळण्याआधी त्याने पन्नासएक नकार ऐकलेले असतात. त्या नकारांतून तो एक गोष्ट शिकतो: समोरचा नाही म्हणाला तरी थांबायचे नाही. हा गुण नसता तर कंपनी उभीच राहिली नसती. पण पुढे ग्राहक नाही म्हणू लागतो, हिशेबाचे आकडे नाही म्हणू लागतात, तेव्हाही तो त्याच सवयीने पुढे जात राहतो. गुंतवणूकदाराचा नकार आणि बाजाराचा नकार यांत फरक करायला त्याला कुणी शिकवलेले नसते. शिवाय तोपर्यंत ‘मी म्हणजे कंपनी’ असे समीकरण डोक्यात पक्के झालेले असते. कंपनी बंद करणे म्हणजे स्वतःलाच पुसून टाकणे, असे त्याला वाटते.

मूल्यांकनाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. २० कोटी घेऊन २० टक्के हिस्सा दिला की बातमीत ‘१०० कोटींची कंपनी’ छापून येते, आणि संस्थापक आपल्या ४० टक्क्यांचे ४० कोटी मोजू लागतो. पण गुंतवणूकदाराने घेतलेले शेअर आणि संस्थापकाचे शेअर एका जातीचे नसतात. गुंतवणूकदाराकडे बहुधा सक्तीने रूपांतरित होणारे प्राधान्य शेअर असतात. बोलताना सगळे त्यांना ‘सीसीपीएस’ म्हणतात. कंपनी विकली गेली किंवा गुंडाळली गेली तर आधी या शेअरवाल्यांचे पैसे, मग बाकीच्यांचे. या अटीला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. बातमीतला १०० कोटींचा आकडा कसा निघतो? सर्वांत जास्त हक्क असलेल्या शेअरचा भाव सगळ्या शेअरना लावून. संस्थापकाच्या साध्या शेअरला त्या दिवशी तो भाव कुणी देणार नाही.

उदाहरणाने पाहू. सगळ्या फेऱ्या मिळून गुंतवणूकदारांनी ४० कोटी घातले आहेत आणि त्यांच्याकडे ४५ टक्के आहेत. दोन संस्थापकांकडे मिळून ४० टक्के, ईसॉपमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअर योजनेत, १५ टक्के. आठ वर्षांनी कंपनी ६० कोटींना विकली गेली. बातमी येईल, ‘६० कोटींना विक्री’. वाटणी मात्र अटीवर ठरते. अट ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’ असेल तर गुंतवणूकदार दोन पर्यायांतला मोठा घेतो: घातलेले ४० कोटी, किंवा ४५ टक्क्यांप्रमाणे २७ कोटी. तो ४० घेणार. उरलेले २० कोटी संस्थापक आणि ईसॉप यांच्यात ४० ला १५ या प्रमाणात, म्हणजे संस्थापकांना मिळून साडेचौदा कोटी. अट ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर गुंतवणूकदार आधी ४० घेतो आणि उरलेल्या २० मध्येही आपला ४५ टक्के वाटा, म्हणजे ९ कोटी. एकूण ४९. संस्थापकांना ८, कर्मचाऱ्यांना ३. ‘दुप्पट’ प्रेफरन्स मान्य केला असेल तर त्याचे ८० कोटी आधी भागायला हवेत. विक्रीच ६० ची, म्हणून संस्थापकांच्या हाती काही नाही. करारातल्या एका शब्दाने साडेचौदाचे आठ होतात, नाहीतर शून्य.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि आमच्या मते दोघांच्या मनातली खरी दरी तिथे आहे. एकपट नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये गुंतवणूकदाराला ४० कोटींऐवजी ४५ टक्के घेणे केव्हा परवडते? विक्रीची किंमत सुमारे ८९ कोटींच्या वर गेली तरच. म्हणजे ४० ते ८९ कोटींच्या पट्ट्यात कंपनी कितीही किमतीला गेली तरी त्याच्या हाती ४० च पडतात. संस्थापकाला मात्र या पट्ट्यातल्या प्रत्येक वाढीव कोटीत वाटा आहे. म्हणून ५५ कोटींची मागणी आली की संस्थापक म्हणतो, आणखी सहा महिने थांबू, ७० मिळतील. गुंतवणूकदाराला त्या सहा महिन्यांत रस नसतो. त्याला एक तर आजच मोकळे व्हायचे असते, नाहीतर ३,००० कोटींच्या दिशेने मोठी उडी हवी असते. बैठकीत मग ‘दृष्टी’, ‘महत्त्वाकांक्षा’, ‘बांधिलकी’ असे शब्द उडतात, पण मूळ भांडण या पट्ट्याचे असते. आयपीओ झाला, म्हणजे शेअर लोकांना विकून कंपनी शेअर बाजारात आली, तर मात्र चित्र बदलते. सेबीच्या नियमांनुसार रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, म्हणजे भाव ठरण्याआधीचे माहितीपत्रक, दाखल होईपर्यंत हे प्राधान्य शेअर साध्या शेअरमध्ये बदलावे लागतात आणि सगळे एका पातळीवर येतात.

हिस्सा किती पातळ होतो याचाही हिशेब बहुतेक घरांत झालेला नसतो. दोघांनी मिळून १०० टक्क्यांनी सुरुवात केली. ईसॉपला १० दिले, राहिले ९०. सीड नावाच्या पहिल्या फेरीत २० टक्के दिले, राहिले ७२. त्यापुढच्या फेऱ्यांना सिरीज ए, बी, सी म्हणतात. सिरीज ए मध्ये पुन्हा २० टक्के, राहिले साडेसत्तावन्न. सिरीज बी मध्ये १५ टक्के, राहिले ४९. इथे बहुमत गेले. सिरीज सी मध्ये १० टक्के, राहिले ४४. एकेकाच्या वाट्याला २२. यात गैर काही नाही, कंपनी खरेच वाढली असेल तर २२ टक्के पुष्कळ होतात. पण मतांचे बहुमत जाण्याच्या कितीतरी आधी, सहसा पहिल्याच मोठ्या फेरीत, ‘राखीव विषयां’च्या यादीतून नियंत्रण गेलेले असते. वर्षाचे अंदाजपत्रक, ठरावीक रकमेवरचा खर्च, वरिष्ठ नेमणुका, नवे शेअर, कर्ज, कंपनीची विक्री, यांतल्या कशालाही गुंतवणूकदाराची लेखी संमती लागते. शिवाय संस्थापकाचे स्वतःचेच शेअर चार वर्षांच्या व्हेस्टिंगला बांधले जातात, म्हणजे ते थोडे थोडे करून त्याच्या हक्काचे होतात, ‘पिकतात’. आधी बाहेर पडला, किंवा काढला गेला, तर न पिकलेले शेअर परत जातात. ‘बॅड लीव्हर’ची, म्हणजे दोष ठेवून बाहेर गेलेला कुणाला म्हणायचे याची, व्याख्या सैल लिहिली असेल तर पिकलेलेही जाऊ शकतात. या व्याख्येवर वकिलाचे दोन तास जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

टर्म शीटमधली, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या प्राथमिक मसुद्यातली, दुसरी जागा जिथे मुले फसतात ती म्हणजे नुकसानभरपाईचे कलम. हिशेब, कर, कर्मचाऱ्यांचा पीएफ, सॉफ्टवेअरची मालकी यांबाबत दिलेली हमी चुकली तर भरपाई कोण देणार? मसुद्यात बहुधा ‘कंपनी आणि संस्थापक, संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ असे असते. याचा अर्थ संस्थापकाचे राहते घरही त्यात येऊ शकते. जबाबदारी आधी कंपनीवर असावी, संस्थापकावर केवळ फसवणुकीच्या बाबतीत, रकमेला कमाल मर्यादा आणि दाव्याला मुदत असावी, एवढे मागितले तर बहुतेक चांगले फंड मान्य करतात. न मागता मात्र कुणी देत नाही. तिसरी जागा अँटी-डायल्यूशनची. पुढची फेरी कमी भावाने झाली तर आधीच्या गुंतवणूकदाराला भरपाई म्हणून जास्त शेअर मिळतात. ‘फुल रॅचेट’ असेल आणि १०० रुपयांचा शेअर पुढे ४० ला गेला तर त्याचे शेअर अडीचपट होतात, आणि तो सगळा भार संस्थापक व कर्मचारी उचलतात. ‘ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज’ ही सौम्य पद्धत आहे, तीच धरावी.

पैसे खात्यात आल्यावरची पहिली चूक तर अगदी साधी असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे खासगी वाटपाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात यावे लागतात, ६० दिवसांत शेअर वाटप व्हावे लागते, आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा अर्ज कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. महिनाअखेर असते, पगार थकलेले असतात, आणि संस्थापक पैसे आल्या दिवशीच वापरतो. कलमाचा भंग झाल्यास उभारलेली रक्कम किंवा २ कोटी, यांत जे कमी असेल तितक्यापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो संचालकांवरही येतो. परदेशी पैसा असेल तर रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा अर्ज वाटपानंतर ३० दिवसांत. पुढच्या फेरीच्या कागद-तपासणीत हे सगळे वर येते आणि भाव पाडायला कारण मिळते.

त्याहून मोठी चूक खर्चाच्या वेगाची. १२ कोटी मिळाले. महिन्याचा खर्च ८० लाख, वसुली २० लाख, म्हणजे महिन्याला ६० लाख जळतात. वीस महिने पुरतील. ऐकायला बरे वाटते. पण पुढची फेरी जमवायला सहा ते नऊ महिने लागतात, म्हणजे अकराव्या-बाराव्या महिन्यात दारे ठोठवायला सुरुवात करावी लागते, आणि तेव्हा दाखवायला हातात फक्त अकरा महिन्यांचे काम असते. प्रत्यक्षात काय होते? पहिल्या तीन महिन्यांत भरती होते, नवे ऑफिस होते, महिन्याचा घाटा ९० लाखांवर जातो, आणि वीस महिन्यांचे तेरा होतात. भरती का होते? पैसे देणारा विचारतो, ‘इतके उभारलेत, मग वाढ कुठे आहे?’ आणि घेणाऱ्यालाही टीम मोठी दिसली की आपण पुढे चाललो आहोत असे वाटते.

वाढीचा आग्रह कुठे योग्य आणि कुठे घातक हे एका ऑर्डरच्या हिशेबावर कळते. घरपोच किराणा घ्या. ऑर्डर ४५० रुपयांची, त्यावर १८ टक्के म्हणजे ८१ रुपये मार्जिन. डिलिव्हरी ४५, पिशवी-पॅकिंग १०, पेमेंटचा खर्च ८, सवलत ४०. एका ऑर्डरमागे २२ रुपये तोटा. दिवसाला १० हजार ऑर्डर म्हणजे महिन्याला ६६ लाख. ऑर्डर दुप्पट झाल्या की तोटाही दुप्पट. गुंतवणूकदाराचे म्हणणे असे की एकाच भागात ऑर्डर दाट झाल्या की रायडर तासाला दोनाऐवजी चार घरे करील, डिलिव्हरी २५ वर येईल, आणि सवय लागली की सवलत काढता येईल. यातला पहिला भाग खरा होऊ शकतो, तो मोजता येतो: प्रत्येक पिनकोडमध्ये रायडरमागे तासाला किती ऑर्डर, हे दर आठवड्याला पाहावे. दुसरा भाग मात्र आशेवर चालतो. एका भागात चार आठवडे सवलत थांबवून पाहिल्याशिवाय ग्राहकाला सेवेची सवय लागली की सवलतीची, हे कळत नाही. ही चाचणी बहुतेक संस्थापक टाळतात, कारण त्या महिन्याचा आलेख खाली जातो आणि तो आलेख गुंतवणूकदाराला पाठवायचा असतो.

गुंतवणूकदारही त्या आलेखावर अवलंबून असतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. त्याला तीन-चार वर्षांनी पुढचा फंड उभारायचा असतो आणि तोवर रोख परतावा आलेला नसतो. दाखवायला असते ते कागदावरचे वाढलेले मूल्यांकन. म्हणून पुढची फेरी चढ्या भावाने व्हावी ही दोघांचीही गरज बनते आणि आकड्यांवर शंका घेण्यात कुणालाच रस उरत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतले व्याजदर शून्याजवळ होते, स्वस्त पैसा जगभर फिरत होता, आणि त्या एका वर्षात भारतात ४० हून अधिक युनिकॉर्न, म्हणजे १०० कोटी डॉलरच्या वर मूल्यांकन असलेल्या कंपन्या, झाले. मार्च २०२२ पासून अमेरिकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि त्याच गुंतवणूकदारांनी त्याच कंपन्यांना नफा कुठे आहे असे विचारायला सुरुवात केली. कंपन्या त्याच होत्या, बदलली होती पैशाची किंमत. संस्थापकाने वाढीच्या काळातल्या कौतुकातले किती आपले आणि किती व्याजदराचे हे वेगळे काढायला शिकले पाहिजे.

दोघांच्या मनाचा असा सूर जुळला की काय होते याची उदाहरणे जाहीर नोंदीत आहेत. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतल्या वीवर्कचे मूल्यांकन जानेवारी २०१९ मध्ये ४,७०० कोटी डॉलर होते. त्याच वर्षी सप्टेंबरात आयपीओ मागे घ्यावा लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. आपल्याकडे ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजचे २०२०-२१ चे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, महसूल मोजण्याची पद्धत बदललेली होती, आणि तोटा ४,५८८ कोटी रुपये होता. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षकांनी आणि गुंतवणूकदारांच्या तीन प्रतिनिधी संचालकांनी राजीनामे दिले. गाडी दुरुस्तीची सेवा देणाऱ्या गोमेकॅनिकच्या संस्थापकाने जानेवारी २०२३ मध्ये हिशेबांतल्या गंभीर चुका स्वतःच जाहीरपणे मान्य केल्या. अशा कंपन्यांच्या मंडळावर मोठ्या फंडांची माणसे असतात, मग त्यांना दिसत कसे नाही? एकेक भागीदार आठ-दहा मंडळांवर असतो, वेळ जिंकणाऱ्या कंपन्यांना देतो, आणि तिमाहीला येणाऱ्या सादरीकरणावर भिस्त ठेवतो. संस्थापकही पुढचा हप्ता अडेल या भीतीने वर्षभराची वर्गणी एकाच महिन्याचा महसूल म्हणून धरू लागतो. सुरुवात एवढ्यावरच होते. याला एकच साधा उपाय आहे: दर महिन्याला बँक स्टेटमेंटशी जुळवलेली रोख रकमेची एक पानी नोंद, आणि तिच्यात वाईट बातमी सर्वांत वर.

उलटी उदाहरणेही आपल्या जवळच आहेत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरू झालेल्या काटकर बंधूंच्या क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीने २०१० मध्ये सिकोया या व्हेंचर फंडाकडून ६० कोटी घेतले ते चालत्या, कमावत्या धंद्यात, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आयपीओ केला. शेअर दलाली करणारी झिरोधा आणि सॉफ्टवेअर बनवणारी झोहो यांनी बाहेरचे भांडवल न घेता मोठा पल्ला गाठला. भोसरी-चाकणचा सुटे भाग बनवणारा, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, नाशिकचा फळप्रक्रियावाला, यांना बहुतेक वेळा हिस्सा विकण्याची गरजच नसते. त्यांना खेळते भांडवल हवे असते. त्यासाठी पत हमी निधीची, म्हणजे सीजीटीएमएसईची हमी आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढली आहे. ग्राहकाकडून ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा सूक्ष्म-लघू उद्योग कायद्यातला हक्कही आहे. व्हेंचरचा पैसा वेगळ्या कामासाठी आहे. औषधाचा रेणू, चिप, उपग्रह, बॅटरी, जिथे पाच-सात वर्षे विक्रीच होणार नाही आणि बँक दारात उभी करणार नाही, तिथे या पैशाला पर्याय नाही. असे धंदे उभे करणाऱ्या मुलामुलींना तो अधिक मिळावा असेच आम्हाला वाटते.

जो या वाटेने जाणारच आहे त्याने पहिल्या भेटीत फंडाचे वय विचारावे. पहिल्या-दुसऱ्या वर्षातला फंड तुमच्यासोबत आठ वर्षे थांबू शकतो. पाचव्या वर्षातला फंड तुमच्यात पैसे घातल्यावर तिसऱ्याच वर्षी विक्रीचा विषय काढील. पुढच्या फेरीसाठी तुमच्या नावाने किती रक्कम राखून ठेवणार, तेही विचारावे. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांच्या संस्थापकांशी बोलावे. यशस्वी कंपन्यांचे फोन नंबर फंड स्वतःच देतो. ‘पुढच्या तिमाहीत पुन्हा बोलू’ हा या धंद्यातला नकार आहे, तो नकारच समजावा. टर्म शीट सही झाली म्हणजे पैसे आले असे नाही. तिच्यातली गोपनीयता, खर्च आणि ‘एक्सक्लुझिव्हिटी’ एवढीच कलमे सहसा बंधनकारक असतात. एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे दुसऱ्या गुंतवणूकदाराशी न बोलण्याची अट, ६० दिवसांची मान्य केली की दोन महिने दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही, इकडे रोख संपत जाते, आणि ५५ व्या दिवशी भाव कमी करण्याचा निरोप येतो. ती ३० दिवसांवर आणावी आणि सही करताना हातात सहा महिन्यांची रोख असावी. वकील स्वतःचा असावा, फंडाने सुचवलेला नको.

आपल्याकडे आमची विनंती एवढीच आहे. फंडिंगची बातमी छापताना चार गोष्टी विचारून छापाव्यात: पैसा कंपनीत आला की जुन्या भागधारकांनी शेअर विकले, सगळी रक्कम एकदम आली की टप्प्यांनी येणार, प्राधान्य शेअर असल्यास प्रेफरन्स कितीपट, आणि मागच्या वर्षीचा महसूल व नफा-तोटा किती. कंपनीने उत्तर दिले नाही तरी पीएएस-३ आणि वार्षिक हिशेबाचा एओसी-४ हे दोन्ही अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कुणालाही पाहता येतात. पीएएस-३ मध्ये किती शेअर, कोणत्या जातीचे, कोणत्या भावाने कुणाला दिले ते सगळे असते. मूल्यांकनाचा आकडा त्यानंतर मथळ्यात घ्यावा.

आपले,
दोन वाचक (कंपनी सचिव आणि सनदी लेखापाल), पुणे